इलॅस्टिक जळतंय, केवलार लावू का?

प्रश्न: माझ्या पहिल्याच किटचं मॉडेल रॉकेट पाचव्या उड्डाणात दोन तुकड्यांत खाली आलं, नोज कोन (पुढचं टोक) पॅराशूटला लटकून लांब गेला आणि ट्यूब धाडकन जमिनीवर. आत बघितलं तर इलॅस्टिक ट्यूबला धरून ठेवणारी कागदाची घडी घट्ट चिकटलेली, पण नोज कोनला ट्यूबशी जोडणारं इलॅस्टिकच जळून तुटलंय. आता केवलार (उष्णता सोसणारा मजबूत दोरा) लावू का? इंजिन माउंट (इंजिन धरणारा आतला भाग) तर आधीच चिकटवून बसलोय.

उत्तर: घडी टिकली म्हणजे तुमचं चिकटवणं झकास होतं. इजेक्शन चार्ज (पॅराशूट बाहेर ढकलणारा इंजिनातला छोटा स्फोट) ब्लॅक पावडरचा असतो, तो उडाला की गरम वायू आणि ठिणग्या सगळ्या वरच्या दिशेने येतात आणि इलॅस्टिक दर वेळी थोडं थोडं भाजत जातं, मग एक दिवस तुटतं. वॅडिंग (इंजिन आणि पॅराशूटच्या मध्ये भरायचा, आग न पकडणारा कागद) कमी घातलं तर आणखी लवकर.

केवलार लावा, पण पूर्ण कॉर्ड, म्हणजे ही जोडणारी दोरी, केवलारची नको. केवलार ताणलं जात नाही, त्यामुळे रॉकेट वेगात असताना पॅराशूट उघडलं की दोरा ट्यूबच्या काठावर सुरीसारखा बसतो आणि पुठ्ठा उभा चिरत जातो, यालाच झिपर म्हणतात (माझी एक छान रंगवलेली ट्यूब अशीच गेलीये). म्हणून केवलारचं टोक ट्यूबच्या तोंडाच्या थोडं आतच संपवायचं, तिथे फास ठेवायचा आणि पुढे इलॅस्टिक बांधायचं. काठावर येतं ते इलॅस्टिक, आणि खराब झालं की फासातून सोडून नवीन बांधता येतं.

एरवी मी केवलार इंजिन माउंटलाच बांधायला सांगितलं असतं, पण तुमचं माउंट बसलंय तर उखडत बसू नका. जुनी घडी राहू दे, तिच्या समोरच्या बाजूला नवीन घडी करा, कागदाची पट्टी केवलार आत घालून तीन पदरी दुमडा, पांढरा फेविकॉल लावून ट्यूबच्या आत चिकटवा आणि पकडेपर्यंत बोटाने दाबून धरा. इन्स्टंट ग्लू इलॅस्टिकजवळ नेऊच नका, इलॅस्टिक कडक होऊन मोडतं. आणि नोज कोनचा खांदा (ट्यूबमध्ये बसणारा खालचा भाग) आत किती जातो ते आधी मोजा, घडी त्याच्याही खाली बसली पाहिजे, नाहीतर कोन पूर्ण बसणार नाही. घडीचा फुगवटाही कमी ठेवा, पॅराशूट अडकलं तर सगळी मेहनत पाण्यात. सुकल्यावर पॅराशूट भरून मागून जोरात फुंका, सहज बाहेर यायला हवं.

प्रश्न: पॅराशूट उघडतं पण नोज कोन झटक्याने परत येऊन ट्यूबवर आपटतो, काठ चेपला. काय चुकतंय?

उत्तर: कॉर्ड आखूड आहे. किटमध्ये येते ती बऱ्याचदा आखूडच असते. रॉकेटच्या लांबीच्या दुप्पट-तिप्पट ठेवा, आणि इलॅस्टिकची गाठ घसरते म्हणून तिच्यावर फेविकॉलचा एक थेंब.