मेलबर्नमध्ये एकट्याने दोन दिवस फिरायला गाडी भाड्याने घ्यावी का?

नको, शहरच बघायचं असेल तर अजिबात नको. मध्यवर्ती भागात ‘फ्री ट्राम झोन’ आहे, त्यात कुठल्याही ट्रामला तिकीट लागत नाही. फ्लिंडर्स स्ट्रीट स्टेशन, फेडरेशन स्क्वेअर, क्वीन व्हिक्टोरिया मार्केट, डॉकलँड्स हे सगळं त्यातच येतं. झोनच्या आत मायकी कार्ड (म्हणजे तिथलं ट्राम-बस-ट्रेनचं तिकीट कार्ड) मशीनला लावू नका, उगाच पैसे कापले जातात. सेंट किल्डाच्या किनाऱ्यावर जाताना मात्र ते लागेल. ३५ नंबरची सिटी सर्कल ट्रामही फुकट आहे. डबे जुने लाकडी, चाल संथ, पण पहिल्या दिवशी शहराचा अंदाज घ्यायला छान. विमानतळावर ट्रेन नाही, ‘स्कायबस’ या विमानतळाच्या बसने शहरातल्या सदर्न क्रॉस स्टेशनला उतरा.

गाडी डावीकडून चालवायची आपल्याला सवय असते हे खरं, पण इथे काही चौकांत उजवीकडे वळायला आधी डाव्या कडेला जाऊन थांबावं लागतं. त्याला ‘हुक टर्न’ म्हणतात. नवख्याला घाम फुटतो, वर पार्किंगचा खर्च वेगळाच.

दोन गोष्टी सांभाळा:
- क्वीन व्हिक्टोरिया मार्केटचा दिवसाचा बाजार सोमवारी आणि बुधवारी बंद असतो.
- जॅकेट उन्हाळ्यातही सोबत ठेवा. तिथला उन्हाळा म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारी.

ग्रेट ओशन रोड हा शहराबाहेरचा समुद्रकिनाऱ्याचा रस्ता करायचा असेल तर गोष्ट वेगळी, तिथे गाडीची खरी मजा आहे. तरी एकट्याने एका दिवसात ट्वेल्व्ह अपॉसल्सला (याच रस्त्यावरचे समुद्रातले उंच खडक) जाऊन परत यायचं असेल तर टूरची बस बरी.