उन्हाळ्यात पाळलेल्या सशांना थंड कसं ठेवायचं?

तुमचे दोन ससे दुपारभर फरशीवर पाय ताणून पडलेले असतात, पंखा लावूनही फरक पडत नाही, खाणं निम्म्यावर आलंय. मग त्यांना बर्फाच्या पाण्याने आंघोळ घालावी का, की केसच कापून टाकावेत, असं तुम्ही विचारलंय. तातडीचं आधी सांगतो. बर्फाचं पाणी नको आणि कात्रीही नको. पाय ताणून पडणं बहुतेक वेळा काळजीचं नसतं, थंड फरशीला पोट लावून ससा आपली सोय बघत असतो. मला खटकलं ते तुम्ही जाता जाता लिहिलेलं ‘खाणं निम्म्यावर’. त्याबद्दल शेवटी बोलू.

सशाला घाम येत नाही म्हटलं तरी चालेल. कुत्र्यासारखं जीभ बाहेर काढून धापा टाकणंही त्याला जमत नाही. ससा श्वास घेतो तो नाकानेच. त्याने तोंड उघडून श्वास घ्यायला सुरुवात केली तर ते जिवावर बेतल्याचं लक्षण समजायचं. मग अंगातली उष्णता जाते कुठून? मुख्यतः कानांतून. सशाचा कान उजेडासमोर धरून बघा, आत रक्तवाहिन्यांचं जाळं दिसेल. ऊन वाढलं की या वाहिन्या रुंदावतात, गरम रक्त त्या पातळ कातडीखालून फिरतं आणि आपली उष्णता बाहेरच्या हवेला देतं. पण हवा रक्तापेक्षा थंड असेल तरच हे घडणार. सशाच्या अंगाचं नेहमीचं तापमान साधारण ३८.५ ते ४० अंश सेल्सिअस असतं. खोलीतली हवा त्याच्या जवळपास गेली की कान कितीही मोठे असले तरी उपयोग नाही.

म्हणून माझं सांगणं एवढंच, की सशाला गार करत बसू नका, त्याची जागा गार करा. ससा स्वतः तेच करतो. आपण पाळतो त्या सशांचे पूर्वज मूळचे स्पेन-पोर्तुगालकडचे. तिथेही उन्हाळा कडक असतो, पण रानातला ससा भर दुपारी उन्हात नसतोच. तो जमिनीखाली बिळात असतो आणि पहाटे किंवा तिन्हीसांजेला बाहेर पडतो. उन्हावर त्याच्याकडे एकच उपाय आहे, तिथून उठून दुसरीकडे जाणं. पिंजऱ्याचं दार लावलं की तो उपाय आपण त्याच्याकडून काढून घेतो.

हे मला उशिरा कळलं. माझ्याकडे भुरी नावाची लोंबत्या कानांची सशीण होती. तिचा पिंजरा मी गॅलरीत ठेवत असे. सकाळी नऊला तिथे छान सावली असायची, वाराही असायचा. दुपारी तीनला ऊन फिरून नेमकं पिंजऱ्यावर येतं हे मी कधी बघितलंच नव्हतं, कारण त्या वेळी मी घरी नसायचो. एका सुट्टीच्या दिवशी सहज डोकावलो, तर भुरी एका कुशीवर पडलेली, नाकपुड्या मोठ्या झालेल्या, हनुवटीखालचे केस लाळेने ओले आणि कान हाताला चटका बसावा इतके तापलेले. मी बादली भरायलाच धावलो होतो. घरातल्या कोणीतरी आधी डॉक्टरांना फोन लावला म्हणून ती वाचली. फोनवर त्यांनी सांगितलं ते तुम्हीही लक्षात ठेवा.

पहिल्यांदा तिला सावलीत, घरातल्या सगळ्यात थंड जागी घ्या. कान नळाच्या साध्या पाण्याने ओले करा, पाणी बर्फाचं नको. बर्फाच्या पाण्याने कानातल्या वाहिन्या आक्रसतात, म्हणजे उष्णता बाहेर पडायची वाटच आपण बंद करतो. शिवाय त्या धक्क्याने ससा दगावू शकतो. ओल्या फडक्याने पायही पुसा आणि ओल्या कानांवर पंख्याची हलकी हवा येऊ द्या. मात्र ओला टॉवेल अंगाभोवती गुंडाळून ठेवू नका, थोड्याच वेळात तो गरम होतो आणि उष्णता कोंडून धरतो. शुद्धीवर असेल तर पाणी समोर ठेवा, पण तोंडात ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. आणि ससा उठून बसला तरी दवाखान्यात न्याच, कारण आतल्या अवयवांना झालेली इजा वरून दिसत नाही. निघण्याआधी गाडी आतून थंड करून घ्या. भुरी तासाभरात उठून बसली होती, पण त्या रात्री तिने काडीही खाल्ली नाही आणि पुढचे दोन दिवस तिला सलाइन द्यावं लागलं. तेव्हापासून सकाळच्या सावलीवर माझा विश्वास नाही. तुमच्या पिंजऱ्याजवळ दिवसातून चार वेगवेगळ्या वेळी जाऊन बघा ऊन कुठे आहे ते.

एक साधा तापमापक घ्या आणि तो भिंतीवर नको, पिंजऱ्यात सशाच्या उंचीवर लावा. १५ ते २० अंशांच्या आसपास ससा मजेत असतो. २५ च्या पुढे लक्ष ठेवायला लागायचं आणि ३० ओलांडलं की धोका धरूनच चालायचं. हवा दमट असेल तर त्याआधीच. म्हातारा, लठ्ठ, गाभण, चपट्या तोंडाचा किंवा दाट लोकरीचा ससा असेल तर आणखी आधी. पत्र्याखालची जागा, काच लावलेली गॅलरी आणि ऊन्ह शोषून संध्याकाळीही धग सोडणारं सिमेंट, या तीन जागा उन्हाळ्यात बाद. आतली खालच्या मजल्यावरची, पडदे ओढलेली खोली उत्तम. घरात एसी असेल तर २४ ते २६ वर स्थिर ठेवा आणि झोत थेट सशांवर येऊ देऊ नका. तासभर लावायचा, तासभर बंद करायचा, असं करण्यापेक्षा सावकाश आणि सलग थंडावा बरा.

पंख्याने फरक का पडत नाही हेही यावरून लक्षात येईल. पंख्याखाली आपल्याला गार वाटतं ते अंगावरचा घाम उडतो म्हणून. सशाच्या अंगावर उडायला काहीच नाही, त्याला नुसती गरम हवा लागते. पंख्यासमोर ओला कपडा टांगा, किंवा स्प्रेच्या बाटलीने कानांच्या बाहेरच्या बाजूवर पाण्याचा हलका फवारा मारा (कानाच्या आत पाणी जाऊ देऊ नका), मग तोच पंखा कामाला येतो. कोरड्या हवेत हे छान चालतं. दमट हवेत पाणी उडतच नाही, तिथे ओले कपडे टांगून खोलीचा दमटपणा तेवढा वाढतो.

माझा सगळ्यात भरवशाचा उपाय म्हणजे गोठवलेल्या पाण्याची बाटली. लिटरची बाटली पाऊण भरायची, कारण बर्फ होताना पाणी फुगतं, आणि फ्रीजरमध्ये ठेवायची. गोठली की जुन्या सुती कपड्यात गुंडाळून पिंजऱ्यात आडवी ठेवायची. ससा आपणहून तिला टेकून बसतो, गार जास्त वाटलं तर उठून जातो. निवड त्याची असते, हे मला फार आवडतं. चार बाटल्या ठेवा, दोन आत आणि दोन फ्रीजरमध्ये. तुमच्याकडे दोन ससे आहेत म्हणून दोन म्हणतोय. एकच ठेवली तर जोडीतला दांडगा तिला बिलगून बसतो आणि दुसरा कोपऱ्यात तापत राहतो. फरशीचा एखादा सुटा तुकडा फ्रीजमध्ये गार करून ठेवला तरी चालतो. आत जेल भरलेल्या तयार गाद्या मिळतात त्यांच्यापासून मी लांबच राहतो. ससा दिसेल ते कुरतडतो आणि आतलं ते रसायन त्याच्या पोटात जायला नको.

पाण्याचं भांडं जड आणि उघडं हवं. नळीच्या बाटलीतून थेंब थेंब चाटण्यापेक्षा ससा भांड्यातून जास्त पाणी पितो. साधारण दिवसाला किलोमागे ५० ते १५० मिली लागतं, म्हणजे दोन किलोच्या सशाला उन्हाळ्यात ३०० मिलीपर्यंत धरा, आणि ते दिवसातून दोन-तीनदा बदला. दोन सशांना दोन भांडी. कोथिंबिरीसारखा ताजा पाला धुऊन न झटकता तसाच ओला द्या, पाणी आपसूक पोटात जातं. उन्हाळा आहे म्हणून रसाळ फळांचा ढीग मात्र घालू नका, साखरेने त्यांचं आतडं बिघडतं. साखर-मिठाचं पाणी हा माणसांचा उपाय आहे, तो माणसांसाठीच ठेवा.

केसांचं म्हणाल तर तो कोट बाहेरची उष्णताही अडवतो, आणि सशाची कातडी इतकी पातळ असते की कात्रीने पटकन फाटते. त्यापेक्षा रोज ब्रशने सुटे केस काढा. लांब लोकरीच्या अंगोरा जातीची गोष्ट वेगळी, त्यांची लोकर कापावी लागते, पण तीही जाणत्या हातांनी.

एक गोष्ट किळसवाणी आहे पण सांगायलाच हवी. उन्हाळ्यात माश्या सशाच्या मागच्या ओल्या, घाणीने माखलेल्या केसांत अंडी घालतात. एका दिवसाच्या आत अळ्या होतात आणि त्या जिवंत सशाचं मांस खातात. सकाळ-संध्याकाळ ससा उचलून मागची बाजू बघायची, पिंजरा कोरडा ठेवायचा. एक जरी अळी दिसली तरी थेट दवाखाना.

आता ते खाण्याचं. उन्हात ससा थोडं कमी खातो आणि खाण्याची वेळ रात्रीवर ढकलतो, तेवढं साहजिक आहे. म्हणून सुकं गवत दुपारी बदलत बसू नका, संध्याकाळी उन्हं उतरल्यावर आणि पहाटे ताजं घाला. पण सशाचं आतडं सतत चालू राहावं लागतं. ते थांबलं की आत वायू धरतो, पोट दुखतं, दुखतं म्हणून तो आणखी खात नाही, आणि एवढासा जीव दोन दिवसांत हातचा जातो. दहा-बारा तास काहीच खाल्लं नाही किंवा लेंडी पडली नाही, तर उद्याची वाट बघू नका. लेंड्या लहान, कोरड्या, वेड्यावाकड्या होऊ लागल्या असतील तर ते त्याच्या आधीचं चिन्ह आहे.

तुमची अडचण अशी की दोघं एकाच पिंजऱ्यात आहेत. ‘निम्मं’ म्हणजे दोघंही थोडं कमी खातायत, की एक पोटभर खातोय आणि दुसरा उपाशी आहे, हे गवताकडे बघून कळणार नाही. आज रात्रीच मध्ये जाळी लावा. एकमेकांना दिसतील, हुंगता येईल, पण गवत, पाणी आणि लेंड्या वेगवेगळ्या राहतील. सकाळी दोन्ही बाजू बघा. एखाद्या बाजूचं गवत तसंच राहिलं असेल किंवा तिथे लेंड्या नसतील, तर मला कळवत बसू नका, त्याला उचला आणि डॉक्टरांकडे निघा.