आणून दिला ना, मग शिक्षा नाही

आधी तो चाकू तुझ्या पर्समधनं बाहेर काढ. शुक्रवारी पोरानं दिला आणि आज रविवार, तू तो पर्समध्ये घालून रिक्षातनं सात रस्ता, पार्क चौक करत फिरतीयस, काय म्हणावं तुला. उद्या शाळेत गेलीस की पहिल्यांदा एका जाड पाकिटात घाल, पाकिटावर तारीख, वार, कुठला तास आणि ठळक अक्षरात ‘विद्यार्थ्याने स्वतःहून आणून दिला’ असं लिही आणि मुख्याध्यापकांच्या हातात दे. पोराचं नाव पाकिटावर नको, रजिस्टरला राहू दे. पण ते ठळक शब्द लिहिल्याशिवाय पाकीट सोडू नको.

आता तुझ्या प्रश्नाकडं येतो. शनिवारी दप्तर तपासणी अशी सूचना फिरली, शुक्रवारी शेवटच्या तासानंतर आठवीतलं पोरगं आलं, म्हणालं मॅडम हे दप्तरात राहिलं होतं, मी मामाच्या टोळीबरोबर द्राक्षाची कलमं बांधायला जातो. तू घेतलास. शनिवारी वर्गात कुणीतरी बोललं की त्याच्याकडं चाकू होता बे, झालं, अर्ध्या तासात संस्थेच्या ऑफिसपर्यंत गेलं. आता संस्थेचे लोक म्हणतात दाखला हातात द्या, मुख्याध्यापक म्हणतात आपल्याकडं चाकूबद्दल लेखी नियमच नाही, तू नवीन आहेस, टायपिंग येतं, तूच मसुदा करून आण. आणि एवढं सगळं सांगून झाल्यावर तू मला विचारतीयस काय, तर सर, पोरगं खरं बोलतंय का खोटं ते कसं ओळखू.

अगं, ते ओळखायची गरजच नाही. त्यानं आणून दिला की नाही? दिला. मग शिक्षा नाही. खरं-खोटं त्याच्या घरच्यांशी बोलताना कळेल, कळू दे, पण शिक्षेचा प्रश्न ज्या क्षणी त्यानं तुझ्या हातात ठेवला त्या क्षणी मिटला.

तरी तुझ्या समाधानासाठी सांगतो. तू पाठवलेला फोटो मोठा करून बघितला. पात्याला धार एकाच बाजूनं आहे, दुसरी बाजू सपाट. पात्याच्या बुडाशी, जिथं ते मुठीत मिटतं तिथं, काळपट डाग आहेत आणि फटीत पांढऱ्या प्लॅस्टिकपट्टीचा चिमूटभर तुकडा अडकलाय. ही पट्टी कलम बांधायची. द्राक्षाच्या पाचर कलमाला खुंट, म्हणजे खालचं मुळाचं झाड, मधोमध चिरायचा, डोळाकाडीला, म्हणजे त्यात बसवायच्या काडीला, दोन्ही बाजूंनी तिरका काप घ्यायचा, आणि तो काप एका ओढीत आला पाहिजे, खरखरीत झाला की साल सालीला लागत नाही आणि कलम मरतं. म्हणून ही माणसं चाकूला जिवापाड जपतात, दुसऱ्याला हात लावू देत नाहीत. ऑगस्ट-सप्टेंबर हा कलमांचा हंगाम. सोनाका, शरद सीडलेस ही नावं ज्या नानासाहेब काळ्यांनी द्राक्षाला दिली ते नान्नजचे, आपल्यापासून हाकेच्या अंतरावरचे, त्या सगळ्या पट्ट्यात रविवारी पोरं हाताखाली जातातच. बालमजुरीचं म्हणशील तर तो विषय वेगळा आहे आणि तोही तू काढायचाच आहेस, पण मामाशी, पोराशी नाही.

गैरसमज करून घेऊ नको, मी काही शाळेत चाकू चालवून घ्या म्हणणारा नाही. मी स्काउटचा माणूस, कॅम्पवर पोरांच्या हातात चाकू देऊन शिकवलंय, मूठ समोरच्याकडं करून द्यायचा, चालताना मिटवायचा, संध्याकाळी मोजून परत घ्यायचे. तो कॅम्प होता. वर्गात चाकू नको म्हणजे नको, कलमाचा नको आणि आजोबांची आठवण म्हणून पण नको. २०२४ च्या ऑगस्टमध्ये उदयपूरच्या सरकारी शाळेतल्या दहावीच्या पोराला वर्गातल्याच पोरानं चाकू मारला, ते पोरगं गेलं, शहर पेटलं. त्यानंतर राजस्थानच्या शिक्षण खात्यानं चाकू, कात्री, धारदार काहीही शाळेत आणायला बंदी घातली आणि दप्तरं तपासायला सांगितली. पुढच्याच ऑगस्टमध्ये अहमदाबादला तसंच, मारणारा आठवीतला, गेलेला दहावीतला. त्यामुळं तुझे संस्थाचालक घाबरलेत ते उगीच नाही. घाबरणं मान्य. पण घाबरलेल्या माणसानं लिहिलेला नियम वाचून बघ, त्यात पकडला तर काय हे सतरा कलमांत असतं, आणून दिला तर काय याची ओळच नसते.

आणि ही ओळ नसली की काय होतं ते अमेरिकेत बघून झालंय. तिकडं १९९४ ला शाळेत बंदूक आणली तर वर्षभर काढून टाकायचं असा केंद्राचा कायदा आला, मग ठिकठिकाणच्या शाळांनी तोच खाक्या चाकूला, सुरीला, कशालाही लावला. डेलावेअर राज्यात २००९ ला सहा वर्षांच्या पहिलीतल्या पोरानं काटा-चमचा-सुरी एकत्र असलेलं कॅम्पिंगचं साधन डबा खायला म्हणून नेलं, त्याला पंचेचाळीस दिवस सुधारशाळेत पाठवायचं ठरलं. एवढा बोभाटा झाला की लहान पोरांपुरता नियम बदलावा लागला. ते तरी हसण्यावारी नेता येईल. पण व्हर्जिनियातलं प्रकरण वाच. १९९९, आठवीतलाच मुलगा. एका मैत्रिणीनं सांगितलं की काल रात्री जिवाचं बरंवाईट करायचं माझ्या मनात होतं आणि चाकू चुकून माझ्या फाइलमधनं शाळेत आलाय, यानं तिच्याकडनं तो काढून घेतला, स्वतःच्या कपाटात ठेवला, घरी गेल्यावर दोघांच्या आईवडिलांना सांगणार होता. शाळेनं कबूल केलं की पोराचा हेतू चांगला होता. आणि तरी उरलेलं सत्र त्याला काढून टाकलं, चाकू त्याच्या ताब्यात होता ना! खटला अपील कोर्टापर्यंत गेला, २००१ ला निकाल शाळेच्या बाजूनं लागला. त्यातल्या एका न्यायाधीशानं वेगळं टिपण लिहून नाराजी मांडली, पण निकाल तोच. आता सांग, त्या शाळेतलं दुसरं कुठलं पोरगं पुढं कुणाच्या हातातला चाकू काढून घेईल? तिथल्याच मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेनं समिती बसवून हे सरसकट शिक्षेचं धोरण तपासलं, २००६ ला अहवाल आला, शाळा त्यानं सुरक्षित झाल्याचा पुरावा मिळाला नाही.

तुझ्या संस्थेतले जे वकीलसाहेब आहेत ते शस्त्र कायदा शस्त्र कायदा करतील. त्यांना शांतपणे सांग. १९५९ चा कायदा, त्यातल्या व्याख्येतनंच निव्वळ घरगुती आणि शेतीकामाच्या वस्तू वगळल्यात, आणि नियमांत चाकूच्या पात्याचं माप आहे, नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद. हा चाकू उघडला तर तुझ्या तळहाताएवढा नाही. हां, महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली पोलीस आयुक्त सणासुदीला, मोर्चाच्या दिवसांत शस्त्रबंदीचा आदेश काढतात, पेपरात येतो, त्यात चाकूच काय काठी पण येते, ते दिवस सोडून. आणि दाखला हातात द्या म्हणणाऱ्यांना शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १६ दाखव, आठवी पूर्ण होईपर्यंत पोराला शाळेतनं काढता येत नाही. २०१९ ला दुरुस्ती झाली ती नापास करण्याबद्दल, काढायची बंदी तशीच आहे. ‘पालकांनी स्वखुशीने दाखला नेला’ असं लिहून घ्यायची जी पद्धत आहे ती मला माहिती आहे, तू त्या कागदावर साक्षीदार म्हणून सही करायची नाही.

ही सही मी केली नव्हती. तुला कुणी ना कुणी सांगितलं असेलच, सर हट्टी होते, पर्यवेक्षकपद घालवून बसले. एका शाळेत, नाव सोड, नववीतलं एक पोरगं मधल्या सुट्टीत माझ्याकडं आलं आणि खिशातनं बटणाचा चाकू काढून टेबलावर ठेवला. कलमाबिलमाचा नाही, सरळ मारायचा. म्हणालं सर, तुमच्याकडं ठेवा, माझ्याकडं राहिला तर मी आज काढीन. शिकवणीच्या बाहेर त्याला चौघं रोज अडवत होती. मी म्हणालो ठेव, तुला काही होणार नाही. मुख्याध्यापकांना सांगितलं, वडलांना बोलवलं, त्या चौघांच्या घरी जाऊन आलो, पंधरा दिवसांत मिटलं होतं. आणि मग संस्थेच्या मीटिंगला कुणीतरी विषय काढला, आणि माझा शब्द गेला पाण्यात. पोराच्या वडलांना बोलावून दाखला दिला. मला म्हणाले तुमचा जबाब लिहून द्या, त्यात लिहा की तपासणीत सापडला. मी म्हणालो सापडला नाही, त्यानं दिला. म्हणाले काय फरक पडतो. फरक काय पडतो! त्यानंतर मी त्या शाळेत होतो तोवर एकही पोरगं कुठल्या शिक्षकाकडं काही घेऊन आलं नाही, ना चाकू, ना गुटख्याची पुडी, ना दुसऱ्याची तक्रार. आणता येत होतं तेवढं आणत होती, फक्त आमच्याकडं येत नव्हती.

सेवाज्येष्ठतेनं माझाच नंबर होता, वर्षभरानं दुसऱ्याला बसवलं. भांडता आलं असतं, ट्रिब्युनलला जाता आलं असतं, नाही गेलो, घरातले अजून बोलतात. बोलू देत. मला त्याचं वाईट वाटत नाही. वाईट कशाचं वाटतं, तर तेव्हा नियम कागदावर नव्हता. तोंडी शब्दाला संस्थेच्या मीटिंगमध्ये कुणी विचारत नाही. आज तुला मसुदा करायला सांगितलाय, हा चान्स आहे गं, मला कुणी दिला नव्हता, आणि तू विचारतीयस की मी नवीन आहे, मी कसं लिहू. तूच लिही. दुसऱ्या कुणी लिहिला तर पहिली ओळ ‘कठोर कारवाई’ असेल.

पहिली ओळ ही पाहिजे: ‘जो विद्यार्थी चाकू किंवा धारदार वस्तू स्वतःहून शिक्षकाकडे आणून देईल, त्याला त्याबद्दल कोणतीही शिक्षा होणार नाही, वस्तू पालकांना सही घेऊन परत दिली जाईल.’ बंदीची ओळ दुसरी. लोक म्हणतील उलटं लिहिलंय, आधी बंदी पाहिजे. नाही. पोरं नियमाची पहिली ओळच वाचतात, मोठी माणसं पण.

मग म्हणतील, तपासणी दाराशी आली की सगळेच स्वतःहून देतील. देऊ देत की! तुला चाकू वर्गाबाहेर पाहिजे का पोरगं पकडलेलं पाहिजे? ज्यांचं समाधान होत नाही त्यांच्यासाठी लिही की त्या वर्गाची तपासणी सुरू व्हायच्या आधीपर्यंत. दुसऱ्यांदा आणला आणि परत दिला तर? पालकांना बोलव, बसून बोल, पण दिला असेल तर शिक्षा नाही, दहाव्यांदा दिला तरी नाही. कुणावर उगारला, कुणाला दाखवून धमकावलं, तर ती वेगळी गोष्ट, तिथं मी पण दयामाया दाखवायचो नाही, पोलिसांना कळवायची वेळ आली तर ठाण्यातल्या बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याला कळवायचं आणि पोराला कोठडीत बसवता येत नाही हे लक्षात ठेवायचं. कंपासपेटीतलं करकटक, शार्पनर, कार्यानुभवाच्या तासाची कात्री हे नावानिशी वगळ, नाहीतर पहिल्याच आठवड्यात कुणीतरी भूमितीच्या तासाला करकटक जप्त करेल आणि तुझा नियम चेष्टेचा विषय होईल.

आणि जप्त वस्तू शिक्षकाच्या ड्रॉवरमध्ये राहणार नाही हे पण लिही. पर्समध्ये तर नाहीच.

शिक्षणसेवकाची तीन वर्षं काढायचीत, वाकडं कशाला घ्यायचं, हे तू दोनदा लिहिलंयस. कळतंय मला. घरचा हप्ता आहे, शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवरनं नंबर लागायला किती वाट बघितलीस ते मी बघितलंय. म्हणून तर सांगतोय की भांडू नको, लिही. लिहिलेल्याला वाकडं म्हणता येत नाही, मसुदाच मागितलाय त्यांनी. ‘सापडला’ असं लिही म्हणाले तर मात्र नाही लिहायचं. तिथं तुझी तीन वर्षं धोक्यात आली तरी नाही लिहायचं, आणि हे मी सोलापुरात घरी बसून आरामात सांगतोय असं वाटत असेल तर वाटू दे.

पोराच्या मामाला दिवसा फोन लावू नको, बागेत उचलत नाहीत, सातच्या पुढं लाव. बुधवारच्या आत बोलवून चाकू सही घेऊन परत दे, हंगाम चालू आहे, त्याचं रोजचं काम अडलं असेल. बोलताना पोराला बाहेर बसव आणि रविवारच्या कामाचं तेव्हाच काढ. मसुदा मुख्याध्यापकांना द्यायच्या आधी मला पाठव, पीडीएफ नको, मला त्यात खाडाखोड करता येत नाही.