मोबाइलमुळे गल्लीतली माणसं तुटली का? म्हाताऱ्यांना फोन जमत नाही, त्याचं काय करावं?

सोलापुरात संध्याकाळचे कट्टे ओस पडले, पोरं फोनमध्ये आणि म्हाताऱ्यांना फोन जमत नाही, असं तुम्ही लिहिलंय. ‘जमत नाही’ हे मला मुळीच मान्य नाही. यावर मी घरात, गल्लीत बरीच वर्षं भांडतोय. शिकवायचा कंटाळा पोरांना येतो आणि खापर वयावर फुटतं.

पूर्व भागात विडी वळणाऱ्या एखाद्या मावशींकडं बघा. मांडीवर सूप, त्यात पानं, तंबाखू, दोरा, कात्री. वर्षानुवर्षं पानं वळून बोटांच्या रेषा झिजतात, म्हणून अंगठा लावून फोन उघडत नाही. दोनदा फसलं की नातू फोन ओढून घेतो, “दे इकडं, मीच लावतो.” तिथंच शिकणं संपतं. अंगठ्याचा नाद सोडा, लक्षात राहील असा पिन ठेवा, पण जन्मसाल नको. अक्षरं मोठी करा.

घरात तेलुगू किंवा कन्नड बोलत असतील तर टाइप करायला लावूच नका, व्हॉट्सॲपवर आवाजी निरोप शिकवा. माइक दाबून बोट वर सरकवलं की कुलूप लागतं, मग दोन्ही हात विडीला मोकळे. बोलून झाल्यावर बाण दाबायचा. बहुतेकांचं इथंच चुकतं: बाण राहतो, निरोप जात नाही आणि समोरचा उत्तर देत नाही म्हणून रुसवा.

फोन ‘भरला’ तर व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये स्टोरेज अँड डेटा उघडून फोटो-व्हिडिओचं ऑटो-डाउनलोड बंद करा. सुप्रभातच्या फुलांनी जागा खाल्लेली असते.

गल्लीच्या ग्रुपचंही तेच. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत काठ्या (नंदीध्वज) किती वाजता निघणार हा निरोप शंभर फॉरवर्डखाली गाडला जातो. दुसरा ग्रुप काढा, त्यात फक्त ॲडमिनला लिहिता येईल असं ठेवा. ॲडमिन दोन हवेत, एक तरुण, एक साठीच्या पुढचा. फॉरवर्डांत तरुणही मागं नाहीत, हेही सांगतो.

एवढ्यानं कट्टा लगेच भरेल असं नाही. आणि पैशाच्या ॲपचा पिन नातवालासुद्धा सांगू नका म्हणावं. शिकवताना फोन त्यांच्याच हातात ठेवा आणि पहिला निरोप शेजारच्या घरात पाठवायला लावा. गेला की नाही, ते उंबऱ्यावरून हाक मारून विचारता येतं.