कार्डाची पट्टी

विश्रामबाग, सांगली

प्रिय पोरी,

बँकेतून फोन आला, महिन्याला शेकडा ३५ पैशांच्या विम्यात क्रेडिट कार्डाचं सगळं देणं सुरक्षित होतंय म्हणतात, घेऊ का, असं विचारलंस. मी नको म्हणेन.

मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर मी ३१ वर्षं दिवाणजी होतो. विकलेल्या मालाच्या हिशोबाची पट्टी हातात पडली की शेतकरी हमाली, तोलाई, वाराई अशा एकेका ओळीवर बोट ठेवून वाचायचा, मग तळाचा आकडा बघायचा. मी मात्र स्वतःच्या कार्डाचं स्टेटमेंट तसं कधी वाचलं नाही. भर सौद्यात असाच फोन आला, गलक्यात मी 'हो हो' म्हणून मोकळा झालो. पुढे १४ महिने 'प्रोटेक्शन' नावाची एक ओळ पैसे कापत होती, आणि ती दिसली माझ्या बायकोला!

हा विमा असतो कार्डाच्या बाकीचा, म्हणजे न फेडलेल्या देण्याचा. तू दर महिन्याला पूर्ण बिल भरतेस, मग विमा उतरवायचा कशाचा? ४०,००० च्या बिलावर शेकडा ३५ पैसे म्हणजे १४० रुपये, वर्षाला १,६८०. कर धरलाच नाही. आणि उद्या काही झालं तर ते पैसे जातात बँकेकडे, तुझ्या आईकडे नाही. त्यापेक्षा प्रधानमंत्री जीवनज्योतीचे वर्षाला ४३६ आणि सुरक्षा विम्याचे २० रुपये भर. पहिल्यात कशानेही मृत्यू आला तरी २ लाख, दुसऱ्यात अपघाताचे २ लाख, आणि तेही थेट वारसाच्या हातात.

कार्डाची बाकी थकतच असेल, तर मात्र गोष्ट वेगळी. साडेतीन टक्के महिना धरला तर ४०,००० वर व्याजच १,४०० होतं. तिथे ते १४० मुद्दलात घाल.

'नोकरी गेली तर देणं विमा फेडेल' या फोनवरच्या बोलण्याला भुलू नकोस. तू कुपवाडच्या एमआयडीसीत कंत्राटावर आहेस. अशा योजनांत राजीनामा, कंत्राट संपणं, प्रोबेशन हे बहुधा आधीच वगळलेलं असतं. फोनवरच्या बाई ते पान वाचून दाखवत नाहीत. सांग त्यांना, अटी ईमेलवर पाठवा. माझा अंदाज, पुन्हा फोन यायचा नाही.

आईबाबांच्या अंगावर देणं येईल ही भीती घालतात, तीही अर्धवट. वारसाला मिळालेल्या मालमत्तेपुरतंच देणं लागतं, स्वतःच्या खिशातून नाही.

एक अपवाद मानतो. आजारपणामुळे ज्याला टर्म विमा, म्हणजे ठराविक मुदतीचा साधा आयुर्विमा, मिळत नाही आणि डोक्यावर मोठी बाकी आहे, त्याने चौकशी करावी. पण आधीचा आजार चालतो का, हे लेखी घ्यावं.

आणि कार्ड चोरीला जाणं हा वेगळा विषय, त्याची यात गल्लत नको. बँकेची किंवा तुझी चूक नसताना तिसऱ्याच कुणी पैसे काढले आणि तू ३ कामकाजाच्या दिवसांत कळवलंस, तर तुझ्यावर काही येत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा २०१७ पासूनचा नियम आहे. त्याला हप्ता लागत नाही. ओटीपी स्वतः सांगितलास तर मात्र बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुझं.

चुकून 'हो' म्हणाली असशील तर आजच बंद करायचा ईमेल टाक, तक्रार क्रमांक लिहून ठेव. स्पष्ट संमतीशिवाय असा विमा माथी मारता येत नाही. ३० दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाऊ, अर्ज मी लिहून देईन.

रविवारी येशील तेव्हा सहा महिन्यांची स्टेटमेंटं छापून आण. मोबाइलवर मला ओळी दिसत नाहीत.

तुझा,
दिवाणजी काका