सोबतीची झाडं लावूनही कोबीला अळी का लागते?

तुमच्या प्रश्नातली हळहळ मला पुरेपूर कळली. वाफ्याच्या चारही बाजूंनी झेंडू लावला, तो मस्त फुललाही, आणि तरी मधल्या कोबीची पानं अळ्यांनी चाळणी केली. "सोबतीची झाडं किडीपासून पीक लपवतात हे थोतांड आहे का?" असं तुम्ही विचारलंय. थोतांड नाही. पण लपवणं म्हणजे नेमकं काय, हे सहसा कुणी नीट सांगत नाही आणि मग झाडं भलत्या जागी लावली जातात. मीही कितीतरी हंगाम हीच चूक केली आहे.

आपली समजूत अशी असते की उग्र वासाचं झाड लावलं की कोबीचा वास झाकला जातो आणि कीड वाट चुकते. मी तेवढ्यासाठी वाफ्याच्या कडेने झेंडू, पुदिना, तुळस असं सगळं लावलं होतं. मग एका सकाळी दोन तास वाफ्याशेजारी बसून राहिलो आणि पांढऱ्या फुलपाखराची मादी काय करते ते बघितलं. ती झेंडूवरून सरळ पुढे गेली, जराही बिचकली नाही. उघड्या, नुकत्याच निंदलेल्या मातीत कोबीची रोपं एकेकटी उभी होती, त्यातल्या एकावर उतरली. उतरल्या उतरल्या पुढच्या पायांनी पानावर भराभर टपटप केलं. फुलपाखराला पायांनी चव कळते, कोबीवर्गातली तिखट द्रव्यं ती तिथेच ओळखते. मग पोटाचं टोक वाकवून पानाखाली एक पिवळट, उभं, बाटलीच्या आकाराचं अंडं चिकटवलं आणि उडून पुढच्या रोपावर गेली. काळपट मातीवर हिरवा ठिपका दिसला की उतरायचं, एवढंच तिचं गणित. माझ्या कडेच्या झेंडूचा त्यात संबंधच नव्हता.

स्टॅन फिंच आणि रोझमेरी कॉलियर या दोन संशोधकांनी कोबीच्या मुळांना लागणाऱ्या माशीवर काम करून 2000 साली हीच गोष्ट नीट मांडली. वासावरून माशीला एवढंच कळतं की जवळपास यजमान पीक आहे. मग ती खाली उतरते, आणि उतरताना समोर जे हिरवं दिसेल त्यावर उतरते. माती टाळते, हिरवं टाळत नाही. पानावर चव घेतली, बरोबर निघाली, की थोडं उडून पुन्हा उतरते. असं लागोपाठ काही वेळा बरोबर पान मिळालं तरच ती अंडी घालते. मध्येच भलतं पान लागलं की मोजणी पहिल्यापासून. म्हणून कोबीच्या आजूबाजूला दुसरी हिरवळ दाट असेल तर ती पुन्हा पुन्हा चुकते आणि शेवटी कंटाळून निघून जाते. या प्रयोगांत उग्र वासाच्या झाडांनी साध्या झाडांपेक्षा वेगळं काही केलं नाही. हिरव्या कागदाची खोटी झाडं ठेवली तरी परिणाम दिसला. उलट कोबीभोवती वाढवलेलं क्लोव्हर (तीन-तीन पानांचं, जमिनीवर दाट पसरणारं हिरवळीचं झाड) वाळून तपकिरी झालं की त्याचा उपयोग संपला.

म्हणजे तुमचा झेंडू वाईट नव्हता, त्याची जागा चुकली. कुंपण घालून कोबी लपत नाही. हिरवं रोपांच्या मध्ये हवं, आणि रोपं लावायच्या आधीपासून हवं. मी आता लागवडीच्या तीन-चार आठवडे आधी वाफ्यात बुटकं क्लोव्हर फेकून पेरतो, आणि रोपाच्या जागी हाताच्या पंजाएवढा गोल साफ करून त्यात रोप बसवतो. सोबतीची उंची रोपाच्या निम्म्यापर्यंत तरी हवी. अगदी जमिनीलगत असेल तर वरचा कोबी तसाच उठून दिसतो.

पण याची किंमत मोजावी लागते, आणि ती मी आधीच सांगितलेली बरी. दाट क्लोव्हर पाणी आणि नत्र दोन्हीसाठी कोबीशी भांडतं. पहिल्या वर्षी माझे गड्डे निम्म्याने लहान भरले. अळी नव्हती, पण गड्डाही नव्हता! आता मी रोपाभोवतीचा गोल मोकळा ठेवतो, क्लोव्हर दोनदा कात्रीने छाटतो आणि पाणी थोडं जास्त देतो. पाण्याची ओढ असेल तर या वाटेला जाऊ नका.

त्याऐवजी सापळा पीक लावा. कोबीवर अळ्या सोडणारी दुसरी कीड म्हणजे चौकोनी ठिपक्याचा पतंग, त्याला कोबीपेक्षा मोहरी जास्त आवडते. शेतावर कोबीच्या 25 ओळींमागे मोहरीच्या 2 ओळी धरतात. पहिली ओळ कोबी लावायच्या साधारण 15 दिवस आधी आणि दुसरी लागवडीनंतर 25 दिवसांनी, म्हणजे पहिली निबर झाली तरी कोवळी मोहरी वाफ्यात राहते. बागेतल्या वाफ्याला दोन्ही टोकांना एकेक पट्टा पुरतो. मात्र मोहरीवर अळ्या जमल्या की ती उपटून नष्ट करायचीच. ते राहिलं तर आपणच पाळणाघर उघडल्यासारखं होतं.

आता झेंडूबद्दल, कारण त्याच्यावर उगीच राग नको. टोमॅटोतल्या फळ पोखरणाऱ्या अळीसाठी तो खरंच चांगला सापळा आहे, फक्त वेळ जुळायला हवी. 25 दिवसांच्या टोमॅटोच्या रोपाबरोबर 45 दिवसांचं उंच झेंडूचं रोप लावायचं, 16 ओळींना 1 ओळ, म्हणजे दोघांना फुलं एकदम येतात आणि पतंग झेंडूच्या कळ्यांवर अंडी घालतो. पांढऱ्या माशीच्या बाबतीत तर वासाचाही उपयोग होतो. 2019 मध्ये न्यूकॅसल विद्यापीठाच्या संशोधकांना काचघरातल्या टोमॅटोत दिसलं की झेंडूतलं लिमोनीन हे वासाचं द्रव्य माशीला दूर ठेवतं, पण झेंडू पहिल्यापासून सोबत असेल तर. माशी बोकाळल्यावर आणून लावला तर तितका उपयोग होत नाही. आणि मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींसाठी (मातीतल्या अतिबारीक कृमी) बुटका झेंडू अख्ख्या वाफ्यात दाट लावून दोन-अडीच महिने वाढू द्यावा लागतो, भाजी त्यानंतर. चार रोपं इथेतिथे खोचून सूत्रकृमी हलत नाहीत.

कोथिंबीर आणि शेपूची दोन-चार झाडं मात्र कुठेही फुलायला सोडा. त्या बारीक फुलांतला मकरंद सिरफिड माशीला (हिच्या अळ्या मावा खातात) आणि अळ्यांत अंडी घालणाऱ्या बारीक गांधीलमाश्यांना सहज पिता येतो. पुदिना जमिनीत लावलाच असेल तर आजच काढून कुंडीत घाला, पुढच्या वर्षी वाफा त्याचा होईल.

आत्ता जो कोबी उभा आहे त्याला मध्ये काही पेरून वाचवता येणार नाही, वेळ गेली. एक दिवसाआड पानं उलटून बघा. पिवळं अंडं बोटाने चिरडा, हिरवी अळी बहुतेक मधल्या शिरेला चिकटून पडलेली असते आणि रंग इतका मिळतो की आधी तिची काळपट हिरवी विष्ठा दिसते. विष्ठा दिसली की तिच्या वरच्या पानात शोधा. गड्डा धरायच्या आत हे आठ-दहा दिवस नेटाने केलंत तर मधला कोंब वाचतो.