फुटबॉल मॅचला शेकडो माणसं चेंगरून मरतात, ती गोलसाठी वेडी होतात म्हणून का?

तुम्ही विचारलंय की १९६४ मधे पेरूला एका इंटरनॅशनल मॅचमधे तीनशेच्या वर माणसं चेंगरून मेली असं वाचलं, तर एका गोलवरून पब्लिक एवढं वेडं होतं का, आणि मुलगा कोलकात्याला इंडियाची मॅच बघायला जायचं म्हणतोय तर जाऊ द्यावं का.

जाऊ द्या. त्याला काय सांगून पाठवायचं ते खाली लिहितो, आधी पेरूचं बघू.

मी ग्वाल्हेरला लष्कर नावाच्या भागात राहतो, घरचा धंदा टेंट हाऊसचा, आजोबांपासूनचा. लग्नाचे मंडप तर आहेतच पण त्याबरोबर मेळे, सभा, मिरवणुका यांचं बॅरिकेडिंग पण करतो, म्हणजे बल्ल्या (लाकडी वासे), पाइप, गेट, रांगेचे कठडे हे सगळं. फुटबॉल मी रात्री जागून बघतो, पण तुमचा प्रश्न मला फुटबॉलचा कमी आणि गेटचा जास्त वाटतो.

तर २४ मे १९६४, लिमाचं नॅशनल स्टेडियम, पेरू विरुद्ध अर्जेंटिना, टोकियो ऑलिम्पिकची क्वालिफायर. अर्जेंटिना एक-शून्यने पुढे, मॅच संपायला थोडीच मिनिटं राहिलेली, पेरूने गोल मारला आणि उरुग्वेच्या रेफ्रीने तो रद्द केला. लोक भडकले, एकदोघं कुंपण ओलांडून मैदानात घुसले, पोलिसांनी त्यांना सगळ्यांदेखत बडवलं, मग वरून बाटल्या-बिटल्या यायला लागल्या आणि पोलिसांनी स्टँडमधे अश्रुधूर सोडला. इथपर्यंत तुम्ही पब्लिकला वेडं म्हणा, माझं काही म्हणणं नाही.

पण माणसं मेली कुठे ते बघा. मैदानात नाही, स्टँडमधे मारामारी करताना पण नाही, मेली ती बाहेर पडायच्या जिन्यांमधे. धुराने डोळे जळायला लागले म्हणून लोक बायकापोरांना घेऊन जिने उतरायला लागले, आणि जिन्याच्या तळाशी रस्त्याच्या बाजूचे लोखंडी शटर बंद! खाली पोचलेल्याला कळलं की रस्ता नाही, तो वर परत जायचं म्हणतोय, पण वरून येणाऱ्याला ते कसं कळणार, त्याच्या मागे धूर आहे आणि पुढे नुसती पाठ दिसतेय, तो खाली ढकलतोच आहे. सरकारी आकडा ३२८ मृत्यूंचा आहे आणि बहुतेक गुदमरून गेले. त्या जिन्यातल्या माणसाला गोल रद्द झाला काय आणि मिळाला काय, त्याला घरी जायचं होतं. अश्रुधुराचा हुकूम देणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याला नंतर ३० महिन्यांची शिक्षा झाली, शटर मात्र बंद का होते याचं धड उत्तर त्या लोकांना मिळालं नाही.

आता गुदमरून म्हणजे काय, कारण बऱ्याच जणांना वाटतं की माणूस खाली पडतो आणि त्याच्यावरून लोक पळत जातात. तसंही होतं, पण बरेच जण उभ्या उभ्याच जातात. छाती म्हणजे लोहाराचा भाता समजा, दोन्ही बाजूंनी दाबून धरला तर हवा आत येणारच नाही, तोंड-नाक कितीही उघडं असू दे. माणूस चांगला तगडा असेल, कुठे हाड मोडलेलं नसेल, तरी चार-सहा मिनिटांत खेळ खलास. आणि दाब किती असतो, तर अशा अपघातांनंतर लोखंडी रेलिंग वाकलेली सापडलीत, त्यावरून अभ्यास करणाऱ्यांनी ४५०० न्यूटनच्या वरचा जोर काढलाय, म्हणजे साडेचारशे किलोच्या वर. हे एका माणसाचं ढकलणं नसतं, प्रत्येकजण थोडं थोडं टेकतो आणि ते पुढे पुढे साठत जातं.

तुम्हाला बघायचं असेल तर घरी खडूने एक मीटर बाय एक मीटरचा चौकोन काढा. त्यात चार जण आरामात उभे राहतील. पाचवा-सहावा आला की अंगाला अंग लागतं. सात झाले की तुमचे पाय तुमचे राहत नाहीत, गर्दी जिकडे जाईल तिकडे तुम्ही. आमच्या धंद्यात सगळं लक्ष यावरच, की सहाचा आकडा कुठेच यायला नको, आणि तो मैदानात कधीच येत नाही, येतो तो गेटपाशी, जिन्यापाशी, पुलावर, जिथे रस्ता चिंचोळा होतो तिथे.

माणूस मुद्दाम ढकलत नाही याचा एक नमुना सांगतो. २०१० ला आमच्या ग्वाल्हेरच्या रूपसिंग स्टेडियमला सचिनने दोनशे मारले ना, त्या दिवशी मी बाहेरच्या बॅरिकेडपाशी होतो. आत काय चाललंय ते आम्हाला ट्रान्झिस्टरवर आणि फोनवर कळायचं. शेवटी आतून जो आवाज आला त्याबरोबर बाहेरची बिनतिकीट जनता एक पाऊल पुढे सरकली, बस एकच पाऊल, कुणी कुणाला हात पण लावला नाही, सगळे हसतच होते. कोपऱ्यातली एक बल्ली कलली, आम्ही तिला परत ठोकली. आनंदाने पुढे आले तरी बल्लीवर जोर पडायचा तो पडलाच. नशीब की पुढे मोकळी जागा होती.

अलीकडचं बघायचं तर कॅमेरून. २४ जानेवारी २०२२, याउंदेचं ओलेम्बे स्टेडियम, आफ्रिका कपची कॅमेरून-कोमोरोस मॅच. जगाला ही मॅच आठवते ती कोमोरोसच्या गोलकीपरसाठी, म्हणजे कोविड आणि दुखापतीमुळे त्यांच्याकडे खेळायला गोलकीपरच उरला नव्हता, एक डिफेंडर गोलमधे उभा राहिला, वर सातव्या मिनिटाला कॅप्टनला रेड कार्ड, तरी हरले फक्त दोन-एकने. काय फ्री किक मारली होती त्यांनी! मी पण तेच बघत होतो. आणि त्याच संध्याकाळी मॅचच्या आधी साउथ गेटवर आठ माणसं मेलेली होती, त्यात लहान मूल पण. लोकांना पोलीस ज्या गेटकडे पाठवत होते ते गेट बंद होतं, गर्दी साठत गेली, मग ते एकदम उघडलं. आफ्रिकन फुटबॉलचे अध्यक्ष मोत्सेपे नंतर स्वतः म्हणाले की गेट बंद का होतं ते समजण्यापलीकडचं आहे. इथे ना गोल, ना रेफ्री, ना दंगा. मॅच सुरू पण झाली नव्हती.

ग्वाटेमाला सिटीत ऑक्टोबर १९९६ ला तसंच, कोस्टारिकाबरोबर वर्ल्ड कप क्वालिफायर, नकली तिकिटं विकलेली, जागेपेक्षा जास्त माणसं आत, मॅचच्या आधीच ऐंशीच्या वर मेली. आणि आपल्या शेजारचं काठमांडू, मार्च १९८८, दशरथ स्टेडियम, नेपाळचा जनकपूरचा क्लब आणि बांगलादेशचा मुक्तिजोद्धा क्लब, तिथे तर बिचारे गारांपासून वाचायला पळाले, डोक्यावर छप्पर नव्हतं, बाहेर जायचे दरवाजे बंद, ९३ माणसं गेली. गारा पडल्यावर पळणाऱ्याला वेडा म्हणायचं का?

तरी दर वेळी दुसऱ्या दिवशी बातमी तीच असते, जमाव बेभान झाला, लोकांनी संयम ठेवला नाही. इंग्लंडमधे हिल्सबरो स्टेडियमला १९८९ मधे लिव्हरपूल क्लबची मॅच बघायला आलेली ९७ माणसं गेली (शेवटचा २०२१ मधे, तेव्हाच्याच दुखापतीने), तेव्हा पोलिसांनी सरळ सांगितलं की दारू प्यायलेल्या लोकांनी गेट तोडलं. गेट पोलिसांनीच उघडायला लावलं होतं, आणि आलेली गर्दी बोगद्यातून आधीच भरलेल्या पिंजऱ्यांमधे, म्हणजे जाळीने बंद केलेल्या उभं राहायच्या जागांमधे गेली. ज्यूरीने २०१६ मधे म्हटलं की लोकांची काही चूक नव्हती. २७ वर्षं लागली एवढं ऐकायला. ती मॅच देशातलीच होती, इंटरनॅशनल नव्हे, पण पब्लिकला वेडं ठरवणं सोयीचं कसं असतं ते तिथे जेवढं कागदावर आलंय तेवढं कुठे आलं नाही म्हणून सांगितली.

आणि फुटबॉलवालेच असे असतात हे डोक्यातून काढून टाका. आमच्या बाजूला दतिया जिल्ह्यात रतनगढ माता आहे, २०१३ च्या नवरात्रात नवमीला तिथे सिंध नदीच्या पुलावर ११५ माणसं गेली, पूल पडतोय अशी हूल उठली आणि. देवीच्या दर्शनाला आलेले लोक ते, कसला गोल आणि कसलं काय. आमच्याकडे कामाला त्या बाजूची पोरं आहेत, त्या पुलाचा विषय निघाला की ती गप्प होतात, मी पण मग विचारत नाही.

आता गेटचं. एका मेळ्याच्या कमिटीने (नाव नको) मला सांगितलं की मागच्या गेटला साखळी आणि कुलूप लावा, "भैया, फोकटिये घुस आते हैं." मी विचारलं किल्ली कोणाकडे राहणार, तर म्हणाले आमच्या माणसाकडे. संध्याकाळी बघायला गेलो तर तो माणूस पुरी-भाजी खायला गेलेला, किल्ली त्याच्या खिशात, आणि आत ऑर्केस्ट्रा रंगात आलेला. काही झालं नाही म्हणून कुणाला कळलं पण नाही. तेव्हापासून आम्ही बाहेर पडायच्या गेटला कुलूप लावतच नाही, सुतळीची गाठ मारतो आणि एक पोरगा हातात कटर देऊन बसवतो, तो जेवायला गेला तर दुसरा बसतो. फोकटिये घुसले तर घुसू देत. गेट बाहेरच्या बाजूलाच उघडलं पाहिजे, आत उघडणारं असेल तर माणसं त्याला टेकली की ते उघडणं शक्यच नाही. आणि गेटच्या चौकटीला खालून जो आडवा पाइप असतो ना, मजबुतीसाठी लावतात, तो मी कापून टाकतो, कारण पहिला माणूस त्यालाच अडखळतो. कमिटीवाले याचे पैसे द्यायला कुरकुर करतात, गेट हलतं म्हणतात. हलू दे.

मुलाला एवढं सांगा. आत शिरल्यावर आलेलं गेट सोडून दुसरं गेट कुठे आहे ते बघून ठेवायचं. मॅच संपल्यावर उठायची घाई नको, वीस मिनिटं सीटवर बसून राहायचं, ट्रेन रात्री उशिराची काढायची. चालताना चारी बाजूंनी अंगाला अंग लागायला लागलं की तिथूनच बाजूला निघायचं, पुढे मोकळं असेल या आशेवर जायचं नाही. अडकलाच तर दोन्ही हात छातीपुढे कोपरात वाकवून धरायचे, म्हणजे श्वासापुरती जागा राहते, ओरडून दम घालवायचा नाही, भिंत आणि रेलिंगपासून लांब, आणि धक्का ओसरला की आडवं-तिरकं सरकत कडेला यायचं, उलटं मागे फिरायचं नाही. पाठीवरची सॅक घरीच ठेवायला सांगा. चप्पल नको, लेसचे बूट, लेस दोनदा बांधून. आणि मित्रांबरोबर आधीच ठरवून ठेवायचं की चुकामूक झाली तर स्टेडियमच्या बाहेर अमुक ठिकाणी भेटायचं, कारण तेवढ्या गर्दीत फोन लागत नाही आणि पोरं एकमेकांना शोधायला परत गेटकडेच जातात.